वाढत्या अंगाची क्वाड बाइक

मूल दुकानाच्या दारातून आत येऊन काउंटरपाशी पोहोचेपर्यंत त्याचं माप माझ्या डोक्यात तयार असतं. छाती, कंबर, बाही, उंची, सगळं! टेप मी लावतो तो केवळ आईवडिलांच्या समाधानासाठी. बावीस वर्षं झाली शाळेचे गणवेश शिवतोय. आसपासच्या चार शाळांमधली पोरं माझ्या टाक्यांत लहानाची मोठी झाली, आणि त्यातल्या एकाचीही बाही मी आखूड होऊ दिलेली नाही.

पण माप घेणं काय, कोणालाही जमतं. खरं कसब पुढे आहे. मूल आज केवढं आहे ते सोडून द्या, दोन वर्षांनी केवढं होईल हे ज्याला आज दिसतं तो खरा शिंपी. मला दिसतं. म्हणून माझ्याकडचा प्रत्येक कपडा वाढत्या अंगाचा असतो. खाली भरपूर दुमड, बाहीला दोन बोटं जास्तीची, कुशीला आत जास्तीचं कापड सोडलेलं. माझ्याकडून कपडे घेतलेलं मूल पहिल्या वर्षी तंबूत राहायला गेल्यासारखं दिसतं, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या वर्षी बघा!

त्यामुळे आमच्या मुलीला क्वाड बाइक घ्यायची वेळ आली आणि यातलं आपल्याला काय कळतंय असं बायको म्हणाली, तेव्हा मी नुसता हसलो. चार जाड चाकं, एक सीट, एक हँडल, आणि वर एक मूल. म्हणजे शेवटी मुलाच्या मापाचीच वस्तू झाली की नाही?

"माझ्यावर सोड," मी म्हणालो.

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून बऱ्याच वेळा बोललोय. त्याचा शेवट काय होतो हे बायकोला पाठ आहे. मला ते दर वेळी नव्याने कळतं.

आता आमची मुलगी. वय वर्षं सहा, पाळण्यातलं नाव निराळं आहे, पण घरात तिला भुंगी म्हणतात, कारण ती चालत नाही, ओठांनी इंजिनाचा आवाज काढत फिरते. जेवायला बसताना गिअर बदलते. न्हाणीघरातून बाहेर येताना गाडी मागे घेतानाचा भोंगा वाजवते. तिच्या मामाच्या घरामागे कुंपण घातलेलं मोठं मोकळं मैदान आहे. तिथे गेल्या वर्षी मामाच्या मुलाची क्वाड बाइक तिने पाहिली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. मी एक बापाला शोभेल अशी युक्ती काढली. पोरगी पाण्याला जाम घाबरायची. पोहण्याच्या तलावाच्या काठाला घोरपडीसारखी चिकटून बसायची. मी म्हणालो, ज्या दिवशी या काठापासून त्या काठापर्यंत न धरता पोहशील, त्या दिवशी गाडी नक्की. मला वाटलं, निदान दोन उन्हाळे तरी निघतील. तीन आठवड्यांत पोहली! नाकातोंडात पाणी, डोळे लाल, आणि पलीकडच्या काठावरून पहिलं वाक्य काय, तर "बाबा, कधी जायचं?"

त्यानंतर रोज सकाळी दात घासताना ती तेवढंच विचारायची. मी म्हणायचो, या आठवड्यात. असे दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारणं बंद केलं. मूल हट्ट करतं तोवर बापाला बरं असतं. ते गप्प झालं की मात्र बापाला कामाला लागावं लागतं, आणि मी लागलो.

बायकोच्या अटी दोनच होत्या. गाडी फक्त मामाच्या मैदानात चालवायची, आणि भुंगीने स्वतः बसून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. ती बसेल, तिचे हात पोचतील, पाय टेकतील, मगच मी हो म्हणेन, आणि एकदा नाही म्हटलं की विषय कायमचा बंद, असं तिने बजावलं. मी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत, हे लग्न झालेल्या वाचकांना मी काय सांगावं.

कारण माझ्या डोक्यात तिला चकित करायचं होतं. शाळेतून यावं तर दारात गाडी उभी! आता मुलीलाच दुकानात नेलं तर ती चकित कशी होणार? आणि नेण्याची गरजच काय होती? माझ्याकडे मॉनिटर होती.

मॉनिटर म्हणजे आमच्या दुकानाच्या काचेमागची डमी. फायबरची मुलगी. कायम कडक इस्त्रीचा गणवेश, केस चापून बसवलेले, चेहऱ्यावर हसू, आणि तोंडातून शब्द नाही. वर्गाच्या मॉनिटरमध्ये जे जे गुण हवेत ते सगळे असल्यामुळे बायकोने तिचं ते नाव ठेवलं. तिचे कोपर आणि गुडघे वाकतात, कारण शाळा सुरू व्हायच्या दिवसांत आम्ही तिला बाकावर बसवून दाखवतो. माप अठ्ठावीस. भुंगीचं माप चोवीस. पण मी गाडी आजच्या भुंगीसाठी घेणारच नव्हतो. मी घेणार होतो ती दोन वर्षांनंतरच्या भुंगीसाठी, आणि दोन वर्षांनंतरची भुंगी म्हणजे तंतोतंत मॉनिटर!

गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बायको बँकेत जाऊन तशीच भुंगीला आणायला शाळेत जाणार होती. मी मॉनिटरला काचेमागून काढलं. भुंगीचा लाल स्वेटर दुकानात राहिला होता, तो तिला चढवला, कारण गाडीवर बसताना पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत असं मी कुठेतरी वाचलं होतं. सहा वर्षांच्या मुलीचा स्वेटर अठ्ठावीस मापाच्या डमीला अगदी चपखल बसला. याचं मला त्या वेळी कौतुक वाटलं. स्वतःच्या दूरदृष्टीचं.

व्हॅनमध्ये तिला शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावला. पहिल्याच चौकात वाहतूक पोलिसाने थांबवलं. माझा मागचा दिवा बंद होता. कागद बघता बघता त्याची नजर मॉनिटरकडे गेली आणि त्या रुंद माणसाचा चेहरा एकदम लोण्यासारखा झाला. किती शहाण्यासारखी बसलीये, म्हणाला. आमचा मुलगा पट्टा दाखवला की गाडी डोक्यावर घेतो. मग वाकून त्याने तिला कितवीत आहेस असं विचारलं. मॉनिटर हसत समोर बघत राहिली.

आता या ठिकाणी मी खरं सांगायला हवं होतं. पण समोरचा माणूस एवढ्या प्रेमाने बोलत असताना ही फायबरची आहे असं कसं सांगणार? मी म्हणालो, "लाजते जरा."

"लाजू दे. मुलांनी असंच असावं," तो म्हणाला, आणि दिव्याबद्दल काहीही न बोलता त्याने मला सोडून दिलं.

क्वाड बाइकचं दुकान एका गल्लीच्या वरच्या टोकाला होतं. पुढे ऑफिस, मागे मोठं पटांगण, पटांगणात टायर मांडून केलेला सरावाचा गोल रस्ता, आणि एका रांगेत लहानमोठ्या गाड्या. दुकान चालवणाऱ्या बाई तरुणपणी शर्यतीत गाड्या चालवायच्या. आता मुलांना शिकवतात. केस पांढरे आणि बारीक कापलेले, पायांत बूट, आणि सगळे त्यांना कोच म्हणतात. कोचबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला, मूल कुठंय. मी म्हणालो, गाडीत. त्या उत्साहाने व्हॅनपाशी गेल्या, काचेतून आत पाहिलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"हे मूल नाही," त्या म्हणाल्या.

"माप मुलाचं आहे."

"कोणत्या मुलाचं?"

"आमच्याच मुलीचं. म्हणजे दोन वर्षांनंतरचं. शिंपी आहे मी."

कोचबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला शांतपणे एका गाडीपाशी नेलं आणि लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. मूल पाय ठेवायच्या फळीवर उभं राहिलं की ढुंगण आणि सीट यांत वीतभर तरी अंतर हवं. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं तरी कोपर थोडं वाकलेलंच राहायला हवं, हात ताणला गेला की वळण हातातून गेलं. मूठ न सोडता बोटं ब्रेकपर्यंत पोचली पाहिजेत. आणि हे सगळं आज, ज्या दिवशी ते बसणार आहे त्या दिवशी.

"फ्रॉकला दुमड घालता येते. गाडीला येत नाही," त्या म्हणाल्या. "मोठी गाडी लहान मुलाला दिली की मूल गाडी चालवत नाही, गाडी मुलाला चालवते. मुलीला घेऊन या, मग बोलू."

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. जाता जाता त्यांनी मला कशालाही हात लावू नका असं बजावलं. मी मान डोलावली. या क्रियेबद्दल वर लिहिलंच आहे.

एक निळी गाडी माझ्या मनात भरली होती. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांची. बॅटरीवर चालणारी, ऐटदार, मजबूत, दोन्ही बाजूंना वाढीला जागाच जागा! आधीच्या गिऱ्हाइकाला दाखवताना तिची किल्ली तशीच राहिली होती. मी विचार केला, फोन संपेपर्यंत नुसतं बसवून बघू. वीतभर अंतर, वाकलेले कोपर, पोचलेली बोटं, सगळं जुळलं की कोचबाई काय बोलणार?

माझ्या बाजूने एक गोष्ट नमूद करतो. मी सगळे नियम पाळले. भिंतीवर पाटी होती की हेल्मेटशिवाय बसू नये. मी मॉनिटरला हेल्मेट घातलं. गाडीला एक लाल दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची, म्हणजे तो पडला तर दोरी खेचली जाऊन गाडी आपोआप बंद होते. मी ती अडकवली. मोठ्या माणसाने हातात धरायचा रिमोट होता, दुरून गाडी बंद करायचा. तो मी खिशात ठेवला. मॉनिटर गुळगुळीत सीटवरून घसरत होती म्हणून खिशातल्या इलॅस्टिकने तिची कंबर सीटला आवळून बांधली. सुरक्षिततेत काही म्हणता काही कमी राहिलं नाही. फक्त मूल नव्हतं.

या गाडीला वेग द्यायचा तो अंगठ्याने. उजव्या मुठीपाशी एक छोटी पट्टी असते, अंगठ्याने दाबली की गाडी पुढे जाते, सोडली की थांबते. मॉनिटरचा अंगठा बाकीच्या बोटांपासून थोडा वेगळा ओतलेला आहे, दप्तराचा पट्टा अडकवायला. तो त्या पट्टीपर्यंत पोचतो का, हे मला बघायचं होतं. मी तिची मूठ हँडलवर दाबून बसवली. अंगठा पट्टीवर असा काही बसला की जणू त्याच कामासाठी घडवला होता. मी खूश झालो. आणि नुसता दिवा लागतो का बघावा म्हणून किल्ली फिरवली.

मॉनिटर निघाली.

आवाज नाही, धूर नाही. एखादी शहाणी मुलगी वर्गातून परवानगी घेऊन बाहेर पडते तशी ती पटांगणातून निघाली, सरळ, मान ताठ, हसतमुख. माणसाचा अंगठा दमतो किंवा घाबरतो. फायबरचा अंगठा कशाला दमेल? पडली की दोरी गाडी बंद करणार होती, पण मी बांधल्यावर ती पडणार कशी? राहिला रिमोट. शिंप्याच्या खिशातून हवी ती वस्तू काढायला किती वेळ लागतो हे शिंप्यालाच ठाऊक. खडू निघाला, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण निघालं, व्हॅनची किल्ली निघाली. रिमोट हाती आला तेव्हा मॉनिटर उघड्या फाटकातून गल्लीत गेली होती आणि मी कितीही दाबलं तरी रिमोट तिथवर पोचत नव्हता.

मी धावलो. गाडीचा वेग सगळ्यात कमी टप्प्यावर लावलेला होता, तासाला दहा किलोमीटर. कोणताही धडधाकट माणूस तेवढं सहज धावतो. मी बावीस वर्षं बसून शिलाई करतोय. पन्नास पावलांपर्यंत मी जवळ जात होतो, नंतर आमच्यातलं अंतर वाढायला लागलं. गल्ली उताराची, सरळ, आणि खाली टोकाला भुंगीची शाळा. गुरुवारी शाळा लवकर सुटते. त्या शाळेचे गणवेश मी बारा वर्षं शिवतोय, पण हे मला आठवलं ते त्या क्षणी.

मी धरा, धरा असं ओरडत होतो. लोक धरत नव्हते. माझ्या तोंडून नीट शब्दच फुटत नव्हता, आणि त्यांना दिसत काय होतं, तर हेल्मेट घातलेली एक मुलगी रस्त्याच्या कडेने अगदी व्यवस्थित गाडी चालवतेय आणि मागून एक जाडा माणूस आरडाओरडा करतोय. एक आजोबा मलाच थांबवायला लागले. किती छान चालवते, उगाच का ओरडता पोरीवर, असं म्हणत त्यांनी माझा दंडच धरला. तो सोडवून घेईपर्यंत आणखी वीस पावलं गेली.

शाळेच्या फाटकापाशी बायको आणि भुंगी रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. मुलांना रस्ता पार करून द्यायला पोलीस असतो, तो होता. मघाचाच! त्याने हात वर करून गाड्या थांबवल्या. सगळ्या थांबल्या. मॉनिटर थांबली नाही. त्याने आधी शिट्टी वाजवली, मग लाल स्वेटर ओळखला, मग तो तिला पकडायला धावला. तेवढ्यात पुढचं चाक फुटपाथच्या कडेला घासलं, गाडी डावीकडे वळली आणि गाद्यांच्या दुकानासमोर टेम्पोतून उतरवून रचलेल्या गाद्यांच्या थप्पीत जाऊन रुतली. गाडीला ओरखडा नाही. इलॅस्टिकने आपलं काम चोख केलं, मॉनिटर सीटवरून हलली नाही.

फक्त तिचं डोकं निघालं. ते निघतंच, कपडे बदलताना आम्ही ते रोज काढतो. हेल्मेटसकट ते टुणकन उडालं, रस्त्यावर दोन टप्पे खाल्ले आणि गडगडत येऊन पोलिसाच्या बुटांपाशी थांबलं.

तो रुंद पोलीस पांढराफटक पडला आणि फुटपाथवर मटकन बसला. अर्ध्या तासापूर्वी तो तिच्याशी बोलला होता हो! मी धापा टाकत पोचलो, पण बोलायला श्वास नव्हता. हातवारे करत होतो, त्यामुळे चित्र आणखीच वाईट दिसत असणार.

बायको शांतपणे पुढे आली. तिने हेल्मेट उचललं, काच वर करून आत पाहिलं आणि म्हणाली, "आमची मॉनिटर आहे."

"होती, ताई," पोलीस रुमालात म्हणाला. "होती."

बायकोने हेल्मेट उलटं करून त्याला मानेखालची चिठ्ठी दाखवली. माप अठ्ठावीस, सुती कापडाने पुसावे. त्याने ती दोनदा वाचली. मग उठला, पँट झटकली, वही काढली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो दुपारभर बोलला असता तरी एवढं बोलणं झालं नसतं. मागच्या दिव्याचं त्याला आता आठवलं. नंतर मला सगळं रीतसर भोगावं लागलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण माझं लक्ष पोलिसाकडे नव्हतं. भुंगी बायकोच्या मागे उभी होती. ती रडत नव्हती. तिने गाडीकडे पाहिलं, मॉनिटरच्या अंगातल्या आपल्या लाल स्वेटरकडे पाहिलं, आणि मी हात पुढे केला तर तिने स्वतःचे हात मागे घेतले. म्हणजे घेतले असावेत. तिच्या बाह्या एवढ्या लांब होत्या की हात मला दिसलेच नाहीत.

कोचबाई उतारावरून पोचल्या आणि गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली. त्या सरळ भुंगीसमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी तिच्या बाह्या एक एक करून तीन घड्या वर दुमडल्या. हात सापडल्यावर त्यातला एक हातात घेऊन शनिवारी ये म्हणाल्या. वडलांना आणलंस तरी चालेल, असंही म्हणाल्या.

व्हॅनमध्ये मागे मॉनिटर आडवी आणि तिचं डोकं बायकोच्या मांडीवर. मी हळूच म्हणालो की हे सगळं तुला चकित करायला केलं होतं.

"मला वाटलं ती दुसरी मुलगी आहे," भुंगी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "मला वाटलं तू गाडी तिलाच घेतलीस. कारण तिला बरोबर बसत होती. स्वेटर पण."

मी म्हणालो, अगं, दोन वर्षांनी तुलाही अशीच...

"मला कधीच काही बरोबर बसत नाही, बाबा. माझं सगळं मोठ्या भुंगीचं असतं."

गाडी चालवताना डोळे पुसणं धोक्याचं असतं, म्हणून मी कडेला घेतली. बायकोला वाटलं दिवा तपासतोय. मीही तसंच सांगितलं. बावीस वर्षांत एकाही मुलाने माझ्या कपड्याबद्दल तक्रार केली नव्हती, हे मी नेहमी अभिमानाने सांगायचो. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, हे मला तिथे, रस्त्याच्या कडेला, दिव्याकडे बघत असताना सुचलं. गाडीबद्दल बायकोचं उत्तर आता काय आहे हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. विषय बंद असं तिने म्हटलं असतं तर तेही बरोबरच होतं.

शुक्रवारी सकाळी भुंगीने दात घासताना काही विचारलं नाही. मीच म्हणालो, उद्या जायचं. तिने आरशातून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, बसून बघेल, मग ठरवू. त्या रात्री जेवणानंतर भुंगी ताट आत नेत असताना स्वयंपाकघराच्या वळणावर मला अगदी बारीक आवाजात गिअर बदलल्यासारखं ऐकू आलं.

शनिवारी कोचबाईंनी मला पटांगणाच्या कडेला एका खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगितले. मग भुंगी एकेका गाडीवर चढली. निळीवर तिचे पाय फळीच्या वर लोंबकळत राहिले आणि हँडल वळवताना ती जवळजवळ सीटवरून उचलली गेली. मी जमिनीकडे बघत होतो. मधल्या गाडीवर पाय टेकले, पण ब्रेकपाशी बोटांची टोकंच पोचली. टोकं चालणार नाहीत, कोचबाई म्हणाल्या. रांगेच्या शेवटी एक पिवळी होती, इतकी ठेंगणी की मी तिला खेळणं समजून सोडून दिलं होतं. भुंगी तिच्यावर चढली आणि उभी राहिली. कोचबाईंनी सीटवर आपली वीत ठेवून पाहिली. हँडल इकडे पूर्ण, तिकडे पूर्ण. दोन्हीकडे कोपर वाकलेलं. बोटं ब्रेकभोवती पूर्ण मिटली. भुंगीने खाली स्वतःकडे पाहिलं, आपले पाय, आपले हात, सगळं जागच्या जागी आहे ना म्हणून. एवढं आश्चर्य मी मुलाच्या चेहऱ्यावर ट्रायल रूमच्या आरशात कधी पाहिलं नव्हतं.

बायको माझ्या शेजारी उभी होती. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हो."

रिमोट कोचबाईंच्या हातात. पहिली फेरी चालण्याच्या वेगाने, त्या बरोबर चालत होत्या. दुसऱ्या फेरीला त्या गोलाच्या मधोमध थांबल्या. वळणापाशी भुंगीने आपण होऊन अंगठा सोडला, अंग आत झुकवलं, वळली, मग पुन्हा अंगठा दाबला. तोंडाने ती कसलाही आवाज काढत नव्हती. तिसऱ्या फेरीनंतर ती आमच्यासमोर ब्रेक लावून थांबली, हेल्मेटची काच वर केली आणि कोचबाईंना विचारलं की ही मला केव्हापर्यंत बसेल.

"साधारण आठ वर्षांची होईपर्यंत," कोचबाई म्हणाल्या. "मग गुडघे हँडलला लागायला लागतील."

भुंगीने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोन वर्षं. बाबा, पुष्कळ आहेत!" आणि काच खाली करून निघूनही गेली.

मला काही ती पुष्कळ वाटली नाहीत. मी खुर्चीतून उठलो, कोचबाईंपाशी गेलो आणि बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, या पिवळीला मागे आणखी एक सीट बसवता येते का.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि तसल्याच दुसऱ्या पिवळ्या गाडीवरची छोटी पाटी बोटाने दाखवली. कमाल वजन तीस किलो. मी पोटावरचा शर्ट खाली ओढला, कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो आणि भुंगी समोरून गेली तेव्हा तिला हात केला. तिचं लक्ष रस्त्यावर होतं.